कार्तिकीनंतर परिक्रमेला निघायचंय, राजीनामा कधी टाकू?

प्रश्न (थोडक्यात): वय 36. हिंजवडीत टेस्टिंग लीड आहे. एकूण नोकरी 13 वर्षं, या कंपनीत पाच वर्षं नोव्हेंबरच्या मध्याला होतील. झोप उडाली आहे, रविवारी संध्याकाळपासून छातीत धडधडतं. कार्तिकी एकादशीनंतर पायी नर्मदा परिक्रमा करायची आणि परत आल्यावर आयटीत न जाता कोकणात जागा घेऊन होमस्टे सुरू करायचा, असं ठरवलंय. येत्या सोमवारी राजीनामा टाकतोय, नोटीस 90 दिवसांची. वाकडच्या फ्लॅटचं 38 लाखांचं कर्ज बाकी, हप्ता 41,000. बायको खासगी शाळेत शिक्षिका, पगार 38,000. मुलगी दुसरीत. आई-वडील तासगावला, वडील 68 वर्षांचे, मधुमेही, माझ्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आहेत. एफडी 6 लाख, म्युच्युअल फंड 14 लाख, पीएफ 11 लाख. एफडी मोडून कर्जात भरावी आणि पीएफ काढून जागा घ्यावी असा विचार आहे. बायको तयार आहे. काही चुकतंय का?

उत्तर:

राजीनामा द्या, पण या सोमवारी नको. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात द्या.

आता, जुलैच्या मध्याला दिलात तर तुमचा शेवटचा दिवस ऑक्टोबरच्या मध्यावर येतो आणि ग्रॅच्युइटीला (नोकरी सोडताना कंपनीने द्यायच्या एकरकमी रकमेला) लागणाऱ्या पाच वर्षांना एक महिना कमी पडतो. नोटीसचे दिवस नोकरीतच धरतात, त्यामुळे महिनाभर उशिरा दिलात की पाच वर्षंही भरतात आणि कार्तिकीही चुकत नाही. ग्रॅच्युइटीचा हिशेब सरळ आहे: शेवटचा मूळ पगार (महागाई भत्ता असल्यास तोही धरून) गुणिले 15 भागिले 26, गुणिले वर्षं. तुमच्या पे स्लिपवर बेसिक 85,000 दिसतंय, म्हणजे निदान 2 लाख 45 हजार रुपये. पाचव्या वर्षात 240 दिवस (पाच दिवसांचा आठवडा असलेल्या ठिकाणी 190 दिवस) भरले तर पाच वर्षं पूर्ण मानावीत, असा मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल आहे आणि त्या हिशेबाने ऑक्टोबरच्या मध्याला सोडलंत तरी तुम्ही बसता. पण बऱ्याच कंपन्या सुखासुखी ते मान्य करत नाहीत. तुम्ही नर्मदेच्या काठावर आणि तुमचा अर्ज कामगार आयुक्तालयात, असं भिजत घोंगडं ठेवून निघू नका. एक चौकशी मात्र आधी करा. तुमच्या कंपनीत राजीनामा दिलेल्या माणसाला पूर्ण नोटीस काढू देतात की महिन्याभरात मोकळं करतात? नुकत्याच सोडून गेलेल्या दोघा-तिघांना फोन केलात की कळेल. लवकर मोकळं करत असतील तर राजीनामा आणखी पुढे ढकला आणि निघायची तारीखही.

आता तब्येत. हा माझा प्रांत नाही. पण झोप नाही आणि छातीत धडधड, हे वाचून मी पैशांच्या कागदाकडे आधी वळणार नाही. या आठवड्यात फॅमिली डॉक्टरांकडे जा, ईसीजी आणि थायरॉइड बघून घ्या, आणि ते म्हणाले तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. रात्री-अपरात्री जीव घाबरा झाला तर 14416 ही सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं. डॉक्टरांनी रजा घ्यायला सांगितली तर मेडिकल लीव्ह घ्या. मंजूर रजेने ग्रॅच्युइटीची सलगता मोडत नाही. आणि चार महिने काढणं खरोखरच शक्य नसेल, तर वरचा परिच्छेद विसरा आणि सोमवारीच राजीनामा टाका. अडीच लाखांसाठी माणूस पणाला लावायचा नसतो. हा निर्णय डॉक्टर, तुम्ही आणि बायको मिळून घ्या, माझ्या आकडेमोडीवरून नको.

बाकी तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकली ती एफडी. कर्जाचं ओझं हलकं करून निघावं ही भावना समजते, पण हिशेबात ती उलटी पडते. 6 लाख कर्जात भरलेत तर बँक बहुधा मुदत कमी करेल, पुढच्या महिन्याचा हप्ता 41,000 चाच राहील. मुदत तीच ठेवून हप्ता कमी करून मागितलात, तरी तो साडेसहा हजारांच्या आसपासच उतरेल. म्हणजे तुम्ही दहा महिन्यांची रोकड देऊन महिन्याचे साडेसहा हजार विकत घेताय, तेही पगार थांबण्याच्या तोंडावर. एकदा कर्जात गेलेला पैसा परत मागायला गेलात तर बँक आधी सॅलरी स्लिप मागते. हप्ता थकला की सिबिल स्कोअर खाली येतो, आणि 90 दिवसांच्या वर थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरतं. बिनपगारी माणसाने कर्ज फेडण्याची घाई करू नये, हप्ता चुकणार नाही एवढंच बघावं.

‘दहा महिन्यांची रोकड’ कुठून आली ते सांगते. तुमचा घरखर्च 55,000, हप्ता 41,000, एकूण 96,000. बायकोच्या पगाराचे 38,000 वजा केले की दरमहा 58,000 कमी पडतात. 6 लाखांत ते दहा महिने निघतात. परिक्रमेचा खर्च मी यात धरलेलाच नाही, कारण तो जवळपास नसतोच. काठावर आश्रमांत आणि गावोगावी परिक्रमावासीयांना सदावर्त मिळतं, मुक्कामाला धर्मशाळा, नाहीतर कुणाची तरी ओसरी. बूट, औषधं, ओंकारेश्वरपर्यंतचं तिकीट आणि समुद्राच्या तोंडाशी होडीचे पैसे सोडले तर खिशात हात फारसा जात नाही. लोक माझ्याकडे येतात ते प्रवासाचं बजेट घेऊन, आणि महाग पडतात परत आल्यानंतरचे महिने. पायी परिक्रमेला चार ते सहा महिने लागतात. तुम्ही एप्रिल-मेमध्ये परत याल. पुढे काय करायचं हे ठरेपर्यंत आणि त्यातून पहिला रुपया येईपर्यंत आणखी आठ महिने धरा. मी आठच्या खाली कुणाला धरू देत नाही. एकूण 14 महिने, म्हणजे 8 लाख 12 हजार. मुलीची वार्षिक फी आणि दोन घरांचा मेडिक्लेम धरून 10 लाखांची तरतूद हवी. एफडीचे 6, ग्रॅच्युइटीचे अडीच, राहिलेले दीड फंडातून. जमतंय. एफडी कर्जात आणि पीएफ जागेत घातलात तर मात्र ग्रॅच्युइटीचे अडीच सोडून बाकीचे साडेसात लाख सगळे फंडातून काढावे लागतील, आणि नेमका तेव्हाच बाजार पडलेला असला तर तोटा खात विकावं लागेल.

फंड विकायचा तो शक्यतो 1 एप्रिलनंतर. त्या आर्थिक वर्षात तुमचं उत्पन्न नगण्य असेल. इक्विटी फंडातला वर्षभरापेक्षा जुना नफा 1 लाख 25 हजारांपर्यंत करमुक्त असतो, आणि दुसरं उत्पन्न नसेल तर नव्या करप्रणालीतली 4 लाखांची मूळ मर्यादाही त्या नफ्यापुढे वापरता येते. मधेच पुन्हा नोकरी लागली की ही 4 लाखांची सवलत संपते, म्हणून वर्षाच्या शेवटापर्यंत वाट बघत बसू नका.

पीएफला हात लावू नका. नोकरी सुटली म्हणून तो काढावाच लागतो, हा गैरसमज घरोघरी आहे. खातं तसंच ठेवलं तरी व्याज मिळत राहतं. गेली काही वर्षं ते सव्वाआठ टक्के आहे. नोकरी सुटल्यानंतरच्या काळातलं व्याज करपात्र धरतात, एवढा फरक. काढण्याचे नियम अलीकडे बदलत आहेत, त्यामुळे ‘अमुक महिन्यात 11 लाख हातात’ असं गृहीत धरून कुणाला जागेचं टोकन देऊ नका. आधीच्या कंपन्यांची पीएफ खाती याच यूएएनला (पीएफच्या कायम क्रमांकाला) जोडली आहेत का, ते मात्र आत्ताच बघा. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. तुमची 13 आहे, पण जुनी खाती सुटी पडलेली असतील तर कागदावर ती पाचच दिसेल.

मेडिक्लेम हा तुमच्या बाबतीत सगळ्यात नाजूक विषय. कंपनीचं कव्हर शेवटच्या दिवशी संपतं, त्या दिवशी मध्यरात्री. वडिलांना मधुमेह आहे. नवी पॉलिसी घेतलीत तर आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. त्यापेक्षा त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर मागा, म्हणजे ग्रुप पॉलिसीत काढलेली वर्षं प्रतीक्षाकाळात जमेस धरतात. एचआरकडे नुसतं ई-कार्ड न मागता ग्रुप पॉलिसीचा क्रमांक, विमा कंपनीचं नाव आणि वडिलांचं नाव कुठल्या तारखेपासून आहे याचं पत्र मागा. अर्ज शेवटच्या दिवसाआधी दीड महिना, म्हणजे सप्टेंबर संपता संपता गेला पाहिजे. विमा कंपनी तपासण्या सांगेल, प्रीमियम वाढवेल, कदाचित वडिलांना नाकारेलही, म्हणून वेळ हाताशी हवा. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, तेवढा दिलासा. नाकारलंच तर महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. ती आता सर्व शिधापत्रिकाधारकांना आहे, 5 लाखांपर्यंत, पण ठरावीक उपचारांना आणि योजनेतल्याच रुग्णालयांत. तासगावच्या घरच्या रेशनकार्डावर वडिलांचं नाव आणि आधार नीट आहे ना, ते या वेळी गावी जाल तेव्हा बघून या. सत्तरी ओलांडली की त्यांना आयुष्मान वय वंदना कार्डही मिळेल.

तुमच्या नावावर स्वतंत्र टर्म इन्शुरन्स दिसत नाही, फक्त कंपनीचा आहे. तो राजीनाम्याआधी घ्या. प्रस्तावात नोकरी आणि उत्पन्न विचारतात, आणि बिनपगारी माणसाला हवं तेवढं कव्हर मिळत नाही. 38 लाखांचं कर्ज आणि सात वर्षांची मुलगी घरी ठेवून हायवेच्या कडेने पाच महिने चालायचं, तर हे आधी झालं पाहिजे.

हायवेच्या कडेने असं मुद्दाम म्हटलं. काठाकाठाने पायवाट आणि घाट, एवढंच चित्र डोळ्यांपुढे असेल तर थोडं थांबा. सरदार सरोवराच्या पाण्यात जुना मार्ग बऱ्याच ठिकाणी गेला. ओंकारेश्वरहून परिक्रमा उचललीत तर दक्षिण तटाने बडवानीकडून पुढे शूलपाणीची झाडी (जंगलातली वाट) तरी घ्यावी लागते, नाहीतर खेतिया-शहादा-प्रकाशा असा आपल्या नंदुरबारमधून वळसा. या वळशात डांबर भरपूर आहे. समुद्राच्या तोंडाशी विमलेश्वरहून पलीकडच्या तटावर मिठीतलाईला जाणारी होडी भरतीच्या वेळेवर सुटते, तिथे एखादा दिवस अडकायला होतं. नदी उजव्या हाताला ठेवायची आणि मधे ओलांडायची नाही हा नियम असल्याने, घरून फोन आला आणि निघावं लागलं तर परिक्रमा खंडित होते. सुटल्या ठिकाणापासून टप्प्याटप्प्याने पुरी करणारेही असतात, तेव्हा त्याचं दडपण घेऊ नका. पण 68 वर्षांचे मधुमेही वडील घरी असताना ही शक्यता आधी मनाशी धरून निघा. खुर्चीत तेरा वर्षं गेलेल्या गुडघ्यांना रोजचे वीस-पंचवीस किलोमीटर एकदम देऊ नका. ऑगस्टपासून शनिवार-रविवारी पाठीवर ओझं घेऊन चाला.

आता जी गोष्ट कुणी सांगत नाही, ती: ओटीपी. तुमच्या घराचं सगळं आर्थिक यंत्र तुमच्या एका मोबाइल नंबरवर चालतं. तो नंबर कंपनीने दिलेल्या सिमचा असेल तर शेवटच्या दिवशी बंद होईल, आणि त्याबरोबर आधार, यूएएन, बँक सगळंच अडेल. तो तुमचा स्वतःचा असला तरी शूलपाणीच्या झाडीत रेंज मिळेलच असं नाही. वहिनी पुण्यात एफडी मोडायला बसल्या आहेत आणि ओटीपी तुमच्या पिशवीतल्या बंद फोनवर आलाय, हा प्रसंग मी एकापेक्षा जास्त घरांत पाहिलाय. हप्त्याचं खातं दोघांच्या नावाने ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ (दोघांपैकी कुणीही एकट्याने चालवू शकेल असं) करा. 6 लाखांच्या एकाच एफडीऐवजी वहिनींच्या नावाने लाख-लाखाच्या सहा करा, म्हणजे एक मोडताना बाकीच्यांचं व्याज जात नाही. पगार थांबला की सॅलरी अकाउंट साध्या बचत खात्यात बदलतं आणि मिनिमम बॅलन्सचा दंड लागू शकतो. ऑफिसच्या ईमेलवर येणारी स्टेटमेंट्स खासगी ईमेलवर वळवा. फॉर्म 16, सगळ्या पे स्लिप, अपॉइंटमेंट लेटर लॅपटॉप परत करायच्या आधी उतरवून घ्या.

‘बायको तयार आहे’ हे तुम्ही तीन शब्दांत उरकलंत. असेलही तयार. पण पाच महिने शाळेची नोकरी, मुलीचा अभ्यास, तासगावचे फोन आणि 58,000 ची तूट हे सगळं त्या एकट्या ओढणार आहेत. वरचा हिशेब तुम्ही समजावून न सांगता त्यांनी स्वतः मांडावा. माझ्याकडे जोडपी येतात तेव्हा मी दोघांना वेगवेगळ्या कागदांवर घरखर्च लिहायला सांगते. आकडे क्वचितच जुळतात, आणि बहुधा बाईचा आकडा जास्त आणि खरा असतो. तुमचे 55,000 त्यांच्या कागदावर 62,000 निघाले, तर 14 महिन्यांत लाखभराचा फरक पडतो.

कोकणातल्या होमस्टेचं स्वप्न मला मोडायचं नाही, पण या वर्षी जागा घेऊ नका. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. कूळकायद्याचं कलम 63 बघा. वडिलांच्या नावावर तासगावला सातबारा असेल तर तुमचा मार्ग मोकळा होऊ शकतो, पण शेतकरी असल्याचा दाखला आधी तहसीलमधून हातात घ्या. टोकन देऊन बसलेले आणि मग दाखल्यासाठी धावणारे पुणेकर कमी नाहीत. शेतजमिनीवर पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या तर परवानग्यांचं वेगळं प्रकरण असतं. त्याहीपेक्षा साधी गोष्ट, गुहागर-दापोलीकडे एखादं घर भाड्याने घ्या आणि एक मे आणि एक जुलै तिथे काढा. मे महिन्यात पाहुणे भरपूर आणि विहिरीला पाणी नाही, जुलैत पाणीच पाणी आणि पाहुणे नाहीत. दिवाळी, नाताळ, मे आणि शनिवार-रविवार सोडले तर खोल्या रिकाम्या असतात. या गणितातून 41,000 चा हप्ता निघतो का, हे तिथल्याच कुणा घरगुती खाणावळवाल्याशी बसून बोला. राज्याच्या पर्यटन खात्याच्या निवास न्याहारी योजनेत नोंदलेली घरं त्या पट्ट्यात आहेत, त्यांच्या मालकांना जाऊन भेटा. ताण नको म्हणून हा धंदा निवडत असाल तर रात्री अकराला इन्व्हर्टर बंद पडल्यावर पाहुणे कसे बोलतात तेही त्यांना विचारा.

आणि पुन्हा आयटीत यावं लागलं तर? तुम्ही नको म्हणालात, तरी लिहिते. सहा-आठ महिन्यांच्या खंडाची फारशी भीती बाळगू नका. बायोडेटात ‘पायी नर्मदा परिक्रमा’ असं सरळ लिहा. ‘फ्रीलान्सिंग’ वगैरे खोटं लिहिलंत तर बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये सापडाल. जिथे प्रत्येकाची नोटीस 90 दिवसांची, तिथे उद्या येऊ शकणाऱ्या माणसाला, म्हणजे इमिजिएट जॉइनरला, बाजारात किंमत असते. दीड वर्ष ओलांडलं की टेस्टिंगमधली टूल्स बदललेली असतात आणि पगाराची बोलणी खालून सुरू होतात. म्हणून ते 14 महिने माझ्या लेखी नुसती पैशांची मर्यादा नाही.

जाण्याआधी मॅनेजरशी एकदा बिनपगारी रजेबद्दल बोलून बघा. सहा महिन्यांचा सबॅटिकल काही कंपन्या देतात, आणि त्यात मेडिक्लेम चालू राहिला तर वडिलांचा प्रश्नच मिटतो. नाही म्हणाले तर काही बिघडत नाही. मात्र हे बोलणं राजीनाम्याच्या आधी आणि पाच वर्षांचा हिशेब ताकास तूर लागू न देता व्हायला हवं.

राजीनाम्याच्या मेलमध्ये परिक्रमा, ताण, मॅनेजर यांतलं काहीही नको. वैयक्तिक कारण आणि शेवटच्या दिवसाची तारीख, दोनच वाक्यं. पोच मेलवर लेखी घ्या. रिलीव्हिंग लेटर आणि फुल अँड फायनलचा हिशेब खासगी ईमेलवर मागा. हिशेब यायला महिना-दीड महिना लागू शकतो आणि तेव्हा तुम्ही बहुधा बडवानीच्या पुढे असाल, म्हणून तो तपासायचा कसा हे वहिनींना दाखवून ठेवा: ग्रॅच्युइटी वेगळ्या ओळीत आहे का, शिल्लक रजांचे पैसे धरलेत का, आणि टीडीएस वर्षभराच्या पगारावर न कापता खऱ्या साडेसात महिन्यांच्या पगारावर कापलाय का. जास्त कापला असेल तर रिटर्न भरल्यावर परत मिळतो. रिटर्नची मुदत जुलैअखेर असते आणि तोवर तुम्ही घरी आलेले असाल.